जुन्या ३८६ क्लोनवर बायोसचा सेटअप कसा उघडायचा?

३८६ क्लोन म्हणजे आयबीएम पीसीच्या धर्तीवर बनवलेला, ३८६ प्रोसेसरचा जुना संगणक, आणि बायोस म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम. मशीन चालू केल्यावर स्क्रीनवर मेमरीचे आकडे चढत असतानाच डिलीट दाबा. ३८६ च्या काळातल्या एएमआय कंपनीचा बायोस असलेल्या बहुतेक बोर्डांवर सेटअप असाच उघडतो. जुने बोर्ड दुरुस्त करताना मी आधी बायोसच्या चिपवरचं लेबल वाचतो, कारण कोणती की चालणार हे बायोस कोणाचा आहे यावर ठरतं, कॅबिनेटवरच्या नावावर नाही. बायोस अवॉर्ड किंवा फिनिक्स कंपनीचा असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप करून बघा. काही फिनिक्सवर कंट्रोल-ऑल्ट-एस चालतं. सेटअप उघडला की काहीही बदलण्याआधी हार्ड डिस्कचा टाइप नंबर आणि सिलिंडर, हेड, सेक्टर हे डिस्कची रचना सांगणारे आकडे वहीत उतरवून घ्याच. बोर्डवरची बॅटरी संपली की ही माहिती पुसली जाते आणि डिस्क चांगली असूनही मशीन तिच्यावरून सुरू होत नाही. मात्र तुमचं मशीन त्याहून जुन्या ८०८८ प्रोसेसरचं, म्हणजे आयबीएम एक्सटी वर्गातलं असेल, तर सहसा असा सेटअप नसतोच. तिथे मदरबोर्डवरचे डिप स्विच, म्हणजे छोटे खटके, हलवावे लागतात. आणि १९८४ च्या आयबीएम एटीच्या धर्तीवरच्या सुरुवातीच्या काही २८६ मशीनना सेटअपची वेगळी फ्लॉपी लागते.