दुसऱ्या सहीआधीची भीती

"मॅडम, तो चांगला आहे. दोन्ही घरं तयार आहेत. पण पहिल्या सहीची तारीख ठरल्यापासून मला झोप नाही. प्रेम असताना इतकी भीती वाटते, म्हणजे आमचं काही चुकतंय का?"

डिचोलीकडची ही शिक्षिका खुर्चीत बसता बसताच हे विचारून मोकळी झाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोनदा उभं राहावं लागतं. पहिल्या सहीला लग्नाचा इरादा जाहीर होतो, हरकतींची मुदत संपली की दुसरी सही. सहीची तारीख ठरल्यापासून दुसरी सही होईपर्यंतच्या दिवसांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं-मुली बरीच असतात.

तिचा होणारा नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये. आत फोन न्यायला बंदी. म्हणजे आठ तास तो गप्प, आणि हे तिला पक्कं ठाऊक. तरी रात्री दोनला ती त्याचं 'लास्ट सीन' बघायची. सकाळी त्याचा फोन आला की पहिलं वाक्य, "माझा कंटाळा आला असेल तर सरळ सांग." तो समजूत काढायचा. तिला बरं वाटायचं. किती वेळ, असं मी विचारलं. तिनं खरंखुरं उत्तर दिलं, "चहा होईपर्यंत."

बोलताना तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला होता. दर दोन मिनिटांनी अंगठा त्याच्या कडेला जायचा, फोन जरा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. तिला याचा पत्ताही नव्हता.

भीतीवर काम सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला एकट्याला काही गोष्टी विचारते. तो हात उगारतो का? धमक्या देतो का? पगार, फोन, मैत्रिणी यांवर ताबा ठेवतो का? यांतलं काही असेल तर ती भीती खरं सांगतेय, तिला शांत करायला जाऊ नये. अशा वेळी महिला हेल्पलाईन 181 आहे, आणि मन फार ढासळलं असेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, 14416. हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मग ही भीती आली कुठून? तिसऱ्या भेटीत वडिलांचा विषय निघाला. खाणीवर त्यांचा ट्रक होता. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, आणि वडील आखातात नोकरीला गेले. ही तेरा वर्षांची. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. घरात रेंज फक्त देवघराच्या खिडकीत, म्हणून आईचा बटणांचा फोन तिथंच ठेवलेला आणि ही त्याच्यासमोर पाटावर. आई आतून म्हणायची, "येतलो गो फोन, तूं जेव आदीं." पुढं शुक्रवार चुकायला लागले. मग महिना. भांडण नाही, निरोप नाही, फोन नुसते थांबले.

हे सांगून ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "मी अजून पाटावरच बसलेय, मॅडम."

मूल जवळच्या माणसाला कसं धरून असतं, याची मांडणी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी केली. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी ती मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिली. मी हे क्लायंटना सांगते, कारण आपण 'संशयी' किंवा 'डोक्यावर बसणारी' नाही, लहानपणी शिकलेली एक जुनी राखण करतोय, एवढं कळलं तरी माणूस सैल होतो. वडिलांना दोष द्यायला मात्र मी हे वापरत नाही. आणि लहानपणी घडलं तेच जन्मभर चालतं, असंही नाही.

खरी मेहनत पुढं होती. ती मागायची ते आश्वासनच भीतीला खतपाणी घालत होतं. विचारलं की लगेच सुटका, त्यामुळे न विचारता ती लाट ओसरते का, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. म्हणून आम्ही पायऱ्या केल्या. आधी वीस मिनिटं फोन न बघता बसायचं. मग शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत. मग त्याची अख्खी शिफ्ट. दर वेळी वहीत भीतीला दहापैकी किती, ते लिहायचं. पहिल्या रात्री तिनं नऊ लिहिले होते, पेन कागदात रुतलेलं. पहाटे चारला पाच. कोणी काही केलं नव्हतं, तरी पाच. त्या आकड्याकडे ती परत परत बघत होती.

एका भेटीला तोही आला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. भांडणात ती "मग नकोच सही" म्हणायची, आणि हा हेल्मेट उचलून निघून जायचा. हे चक्र दोघांनाही तोंडपाठ होतं. त्याच्या घरी वडील ओरडायला लागले की तो देवळाच्या तळीवर जाऊन बसायचा, तीच सवय. त्या दिवशी तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू सही नको म्हणतेस ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. रडू येईल म्हणून मी निघतो." ती थक्क झाली. भीती आपल्या एकटीचीच, असं ती धरून चालली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं ऐकू येणंच कमी होतं, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून त्यानं बाहेर जाऊ नये असा आग्रह मी धरला नाही. जाताना "अर्ध्या तासात येतो" म्हणायचं आणि अर्ध्या तासात यायचं. तिच्या दृष्टीनं सगळं वजन त्या परत येण्यात होतं. तिच्यासाठी अट एकच: सही हा शब्द भांडणात आणायचा नाही. दुखतंय, भीती वाटतेय, असं थेट म्हणायचं.

तारीख त्यांनी तीन महिने पुढं ढकलली. घरी बोलणी बसली, पण निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. मग पहिली सही झाली, आणि त्याच आठवड्यात तिची भीती पुन्हा आठवर. अपयश आलं म्हणून ती रडली. मी तिला वही उघडायला सांगितली. पहिल्या रात्री नवाचे पाच व्हायला पहाट उजाडली होती. या वेळी पाऊण तास.

दुसऱ्या सहीच्या आदल्या रात्री त्याची शिफ्ट होती. तिनं त्याला मेसेज पाठवला, तो नंतर मला दाखवला: "उद्याची भीती वाटतेय. उत्तर नको, सुटल्यावर वाच. मी झोपते."

पहाटे सहाला त्याचं उत्तर आलं होतं. तिनं ते साडेसातला पाहिलं. तोवर ती झोपलेली होती.