‘पेज’ म्हणजे फेज, आणि आपलं ‘टू इंटू एक्स’

तू विचारलंस: "ताई, ऑगस्टमध्ये एमएससाठी पेनसिल्व्हेनियाला निघतेय. तिथे शिकवणारे बरेच जण चिनी, कोरियन असतात आणि त्यांचं इंग्रजी कळत नाही म्हणे. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. निभेल का?"

निभेल. मीही पंचवटीतल्या मराठी शाळेतली, आणि त्याच राज्यात जाऊन पडले. सुरुवातीला मात्र जड जातं, ते लपवत नाही. नाशिकच्या कॉलेजात आमचे सर व्याख्या इंग्रजीत लिहून द्यायचे आणि समजवायचे मराठीत: "करंटला सोपा रस्ता मिळाला की तो वाकडा कशाला जाईल?" शॉर्ट सर्किट डोक्यात बसलं ते त्या एका वाक्यामुळे. तिथे गेल्यावर हा मराठीचा टेकू निघतो, ते जास्त जाणवतं.

सिग्नल्सच्या, म्हणजे विद्युत लहरींच्या विषयाच्या, पहिल्या तासाला आमचे कोरियन प्रोफेसर सारखं "पेज, पेज" म्हणत होते. मी मुकाट्याने पुस्तकाची पानं उलटत बसले. पंचवीसेक मिनिटांनी त्यांनी फळ्यावर कोनाचं चिन्ह काढलं तेव्हा ट्यूब पेटली, माणूस ‘फेज’ म्हणतोय, लहरीचा कोन! कोरियन भाषेत इंग्रजी एफचा उच्चार नाही आणि झेडचाही नाही, मग त्या शब्दाचं दुसरं काय होणार? एकदा ही किल्ली सापडली की पुढचं सोपं. प्रत्येकाच्या उच्चाराची अशी चार-पाच कुलपं असतात, आठ-दहा तासांत कान ती उघडायला शिकतो. तोवर धडा आदल्या रात्री वाचून जा. शब्द डोळ्यांखालून गेलेला असला की अर्धवट ऐकू आला तरी ओळखू येतो. आणि ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसर शंकांसाठी भेटतात त्या वेळेला, जा. समोरासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलं की तोच माणूस स्वच्छ कळतो. आपली मुलं तिथे जायला लाजतात, का ते मला अजून उमगलेलं नाही.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते. दुसऱ्या सेमिस्टरला तुला टीए (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे खालच्या वर्गांना शिकवायचं काम) मिळाली, तर ‘ज्याचं इंग्रजी कळत नाही’ ती तू असशील. मी होते.

प्रॉब्लेम सेशनला, म्हणजे गणितं सोडवून घ्यायच्या तासाला, मी "टू इंटू एक्स" म्हणाले आणि निम्म्या वर्गाने एक्सला दोनने भागलं. आपल्याकडे ‘इंटू’ म्हणजे गुणिले. त्यांच्याकडे "टू इंटू सिक्स" म्हणजे सहाला दोनने भागा. एक मुलगा वहीवर बोट ठेवून विचारत होता, हे खाली कसं आलं? मी तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगत होते! शेवटी फळ्यावर लिहिलं आणि दोघंही हसलो. "एनी डाउट्स?" विचारलं की ते गोंधळतात, त्यांना वाटतं तुमच्यावर अविश्वास आहे का असं विचारताय. ‘क्वेश्चन्स’ म्हणायचं. आपण ‘कॉम्पोनंट’मध्ये कॉवर जोर देतो, ते पोवर देतात. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला एकच. व्याकरण चुकलेलं चालून जातं, शब्दातला जोर चुकला की शब्दच हरवतो.

ही तक्रार तिथे जुनी आहे. पेनसिल्व्हेनियात तर 1990 पासून कायदाच आहे, शिकवणाऱ्यांचं इंग्रजी पुरेसं चांगलं असल्याचं विद्यापीठाला प्रमाणित करावं लागतं. माझ्या वेळी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये 30 पैकी 22 वर मला प्रवेश मिळाला, पण टीएसाठी विभागाने 26 मागितले. परत परीक्षा दिली, पैसे गेले. तू आत्ताच विभागाला ईमेल करून टीएची अट विचारून घे.

पण सगळा दोष जिभेचाही नसतो. डोनाल्ड रुबिन या संशोधकाने 1992 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं लेक्चर ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तोच आवाज परका वाटला, आणि त्यांना लेक्चरही कमी कळलं. हे वाचल्यावर माझा राग जरा निवला, आणि खरं सांगायचं तर त्या कोरियन सरांबद्दल मी मैत्रिणींत केलेल्या नकलांची लाजही वाटली.

निघेपर्यंत एवढं कर: शेजारच्या बारावीतल्या कुणाला तरी समोर बसवून एखादं गणित दहा मिनिटं इंग्रजीत शिकव आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. ऐकताना कानकोंडं होईल, तरी ऐक.

आणि पहिल्या आठवड्यात एखाद्याचं खरंच काहीच कळलं नाही, तर अ‍ॅड-ड्रॉपची (विषय घ्यायची-सोडायची) मुदत संपायच्या आत सेक्शन बदल, म्हणजे तोच विषय दुसऱ्या कुणाकडे घे. मुदतीनंतर विषय सोडलास तर ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉन’, लागतो.