शुक्रवारची बैठक बंद करू का?

प्रश्न : वय २९, नोकरी फोर्टात, घर विरारला, हातात पगार ७२ हजार. दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही पाच कॉलेजमित्र भेटतो. कुलाब्याला बिअर-कबाब, मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर गप्पा आणि शेवटची विरार. माझ्या वाट्याला १,८०० येतात. रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून सगळं बिल मीच कार्डावर भरतो, बाकीचे नंतर जीपे करतात. एकाला मात्र महिनाभर आठवण करावी लागते. कार्डावर १ लाख ४० हजार थकलेत, पण महिन्याला ७ हजार वेळेवर भरतो. बँकेतल्या मॅडमनी वर्षाला ४८ हजारांची गॅरंटीड पॉलिसी दिली आहे, पाच वर्षं भरायचे, दहाव्या वर्षी दीडपट. यंदाचा दुसरा हप्ता कार्डावरच भरला. एफडी १ लाख, म्युच्युअल फंडातली मासिक एसआयपी ५ हजार. शुक्रवार बंद करून एसआयपी १२ हजार केली, तर १८ टक्क्यांनी दहा वर्षांत किती होतील?

उत्तर : शुक्रवार बंद करू नका. महिन्याला ७,२०० म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा, आणि त्या संध्याकाळचा उत्तम भाग कठड्यावर जातो, तिथे बिल येत नाही. (हॉटेलच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. तो ऐच्छिक आहे. ग्राहक प्राधिकरणाचे २०२२चे नियम दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये कायम ठेवले.)

मी दचकलो ते ‘पण’ या शब्दाला. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के धरा. १.४ लाखावर ४,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले जवळपास ५,८००. तुमच्या ७ हजारांतून मुद्दल फिटलं १,२००! शिवाय थकबाकी असली की बिनव्याजी मुदत संपते, नवीन खर्चावर पहिल्या दिवसापासून मीटर पडतो. म्हणजे मित्रांनी खाल्लेल्या कबाबाचं व्याजही तुम्हीच भरताय. पॉइंट किती मिळाले? महिन्याच्या ३६ हजारांवर एक टक्का, ३६० रुपये. मित्रांचे २९ हजार खात्यात येतात, पगारात मिसळतात आणि पगारासारखेच संपतात. थकबाकी बहुधा तिथूनच साचली.

आता पॉलिसी. पाच हप्ते, दहाव्या वर्षी दीडपट. पैसे सरासरी आठ वर्षं अडकतात, परतावा पडतो जेमतेम पाच टक्के. ‘गॅरंटीड’ म्हणताना मॅडमनी हा आकडा सांगितला नसणार, त्यांचं टार्गेट वेगळं असतं. त्या पाच टक्क्यांसाठी तुम्ही वर्षाला ५० टक्के पडणारं कर्ज काढून हप्ता भरलात. एवढा तोट्याचा व्यवहार बरेच दिवसांत पाहिला नव्हता. तिसरा हप्ता भरू नका. आज पॉलिसी बंद केली तर किती मिळतील आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता तशीच) ठेवली तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा, मग ठरवू. घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ विमा, घ्या.

एफडी याच आठवड्यात मोडा. ती महिन्याला साडेपाचशे कमावते. तोच लाख कार्डावर ४,१०० खातो. मुदतीआधी मोडल्याचा दंड काही शेकड्यांत जाईल. उरले ४० हजार. एसआयपी थांबवा, तिचे ५ आणि कार्डाचे ७ मिळून १२ हजार दरमहा भरा, कार्डावर नवीन काही घेऊ नका. चार महिन्यांत पाटी कोरी. मग त्याच १२ हजारांतून आधी एफडी परत उभी करा आणि नंतर एसआयपी. शुक्रवारला हात न लावता तुमचा आकडा आला.

१८ टक्के कुठून आणलेत? मी १२च्या वर मांडत नाही, तेही हमी न देता. १२ हजारांचे दहा वर्षांत साधारण २७-२८ लाख होतील.

या शुक्रवारी बिल आलं की कार्ड खिशातच राहू द्या, टेबलावरच पाच जणांनी स्कॅन करा. महिनाभर आठवण करावी लागते त्या मित्राकडे फोन आधी सरकवा.