क्रेफिश मेला की कात टाकली?

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमधून निळा क्रेफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडीसारखा प्राणी) आणला होता. चार दिवस त्याने काही खाल्लं नाही आणि आज सकाळी टाकीत मरून पडलेला दिसला. काढायला गेलो तर पाइपात दुसरा क्रेफिश! हा कुठून आला?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तो दुसरा नाही, तुमचाच आहे. बाहेर पडली आहे ती त्याची कात. हातावर घेऊन बघा : वजन जवळजवळ नाही, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या, आणि पाठीचं कवच शेपटीला मिळतं तिथे आडवी फट. त्या फटीतून तो मागे सरकत बाहेर आला. मेलेला क्रेफिश भरीव असतो आणि लवकरच त्याला वास सुटतो.

कात फक्त वरची नसते. कल्ल्यांचं अस्तर सुटतं, मिशांचं सुटतं, आणि जठरात अन्न दळणारे जे तीन दात असतात त्यांचंसुद्धा. म्हणूनच आधी काही दिवस खाणं बंद होतं.

ही कात टाकीतून काढू नका. तो ती खातो, कारण नवं कवच टणक करायला कॅल्शियम लागतं. जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम त्याने आधीच जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या बटणांसारख्या खड्यांत साठवलेलं असतं. कात पडली की खडे जठरात विरघळतात. पण तेवढ्याने भागत नाही, बाकीचं पाण्यातून आणि खाण्यातून यावं लागतं. इथेच मुंबईत अडतं. तानसा, वैतरणा, भातसाचं आपलं पाणी पावसाचं, म्हणून मृदू. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो (माकुलाच्या आतलं ते पांढरं हाड). त्याचा बोटाएवढा तुकडा उकळून, दगडाला बांधून टाकीत सोडा, नाहीतर तो तरंगत राहतो.

तळाशी थोडी बारीक वाळूही हवी. छोट्या मिशांच्या बुडाशी तोल सांभाळणारी पिशवी असते आणि तिच्यात वाळूचे कण असतात. कातेबरोबर तेही जातात, मग तो नवे कण भरतो. १८९३ मध्ये क्राइडल या शास्त्रज्ञाने कात टाकलेल्या कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. चुंबक जवळ आणताच ती त्याप्रमाणे कलू लागली!

आता काही दिवस त्याला हात लावू नका. अंग मऊ असतं, टाकीतले मासे टोचतात, दुसरा क्रेफिश तर खाऊनच टाकतो. कात अर्धवट अडकली तरी ओढू नका, पाय तुटून येतील. (तुटलेला पाय पुढच्या काही कातींत परत वाढतो, आधी लहान.) आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांबंयुक्त औषध या टाकीत कधीच नको. याच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं, पण पाण्यात सुटं झालेलं तांबं त्याला मारतं.

प्रश्न : क्रेफिशमध्ये नर-मादी कशी ओळखावी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाठीवरून अलगद धरून उलटा करा. शेपटीखालच्या पोहण्याच्या पायांपैकी पहिल्या दोन जोड्या कडक, काडीसारख्या आणि पुढे वळलेल्या असतील तर नर. मादीत त्या तशा नसतात. अंडी ती शेपटीखालीच चिकटवून वागवते, त्या वेळी उचलू नका.

प्रश्न : कोळंबी साफ करताना पाठीतून काळा दोरा काढतो, ती शीर असते का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही, ते आतडं. काळेपणा आतल्या घाणीचा, म्हणून पोट रिकामं असलेल्या कोळंबीत दोरा जेमतेम दिसतो. क्रेफिश, शेवंड, कोळंबी सगळ्यांची मांडणी एकच : आतडं पाठीकडे, मज्जारज्जू पोटाकडे. कोळंबी पोटाकडून चिरलीत तर पांढरा बारीक धागा दिसेल, तो मज्जारज्जू. डोक्यातला पिवळा-केशरी गोळा म्हणजे पचनग्रंथी. डोकं तसंच ठेवलं तर तिच्यातली पाचकद्रव्यं शेजारचं मांस मऊ करू लागतात, म्हणून बाजारातून आणल्यावर आधी डोकी काढावीत.