चर्च जर्मन असू दे, घरची प्रार्थना मराठीत होऊ दे

श्टुटगार्टजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या वसईच्या, कॅथलिक. यजमान अहिल्यानगरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतले. पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. त्या लिहितात, "पगारातून चर्चचा कर कापला जातो, पण चर्चमध्ये गेलो तर काही कळत नाही. मुलगी मराठी प्रार्थनेला कंटाळते. बाळाचा बाप्तिस्मा कुठं करायचा यावरून दोन्हीकडून फोन येतात. मराठी मंडळात गेलं की, तुम्ही मराठी कशा, असं विचारतात. रविवार तर खायला उठतो. मराठी उपासना होते अशा शहरात बदली मागावी का?"

ताई, जय ख्रिस्त. बदलीचं आधी सांगते: एवढ्यासाठी मागू नका. महिन्यातून एकदा दोन तास प्रवास करून मराठी गीतं गायला मिळाली तर आनंदच आहे, जरूर जा. पण मुलं वाढतात ती राहत्या गल्लीत. त्यांना ओळखणारे पाळक, फादर, शेजारी आणि सवंगडी चालत जाता येईल अशा चर्चमध्येच मिळतील. तेव्हा गावातलं चर्च आपलं म्हणा आणि मराठी घरात सांभाळा.

कराबद्दल बऱ्याच घरांत गैरसमज असतो. गावात राहायला आल्यावर पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना भरला, तिथूनच तो सुरू होतो. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि बायर्नमध्ये तो ८ टक्के आहे, बाकी राज्यांत ९ टक्के. हे टक्के पगारावर नसतात, आयकरावर असतात. वर्षाचा आयकर ६,००० युरो होत असेल तर चर्चचा कर साधारण ४८० युरो. मुलं असली की हिशेबात त्यांची सवलत धरतात, आणि भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजाही होते. दरवर्षीचं विवरणपत्र भरताना ते विसरू नका. पैसे वाचवायला "नाव काढून टाका" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कॅथलिक माणसानं सरकारदरबारी नाव काढलं तर जर्मन बिशपांच्या २०१२ सालच्या आदेशानुसार त्याला संस्कार घेता येत नाहीत. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या तोंडावर तुम्ही त्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उलट, देताच आहात तर हक्कानं दार वाजवा. चर्चच्या कचेरीत जा आणि "क्राबेलग्रुप" कधी भरतो ते विचारा. रांगत्या बाळांचा हा गट बहुतेक गावांत आठवड्यातून एकदा चर्चच्या सभागृहात जमतो. जमिनीवर गोधडी पसरलेली, बाळं एकमेकांची खेळणी ओढताहेत, आया गोल बसून कॉफी पिताहेत. तिथं कुणी तुमचं व्याकरण तपासत नाही. दात येताना ताप येतो का, रात्री किती वेळा उठतो, एवढ्या बोलण्यातून जर्मन जितकं सुटतं तितकं वर्गात सुटत नाही. मुलीला रविवारच्या मुलांच्या उपासनेत घाला, तो आपला संडे स्कूलच. ११ नोव्हेंबरच्या आसपास संत मार्टिनची कंदिलांची मिरवणूक निघते, तिच्यासाठी कागदाचा कंदील घरी करा. ५ डिसेंबरच्या रात्री संत निकोलसच्या खाऊसाठी दाराबाहेर बूट ठेवायला सांगा. ६ जानेवारीच्या सुमाराला मुलं तीन राजांचा वेश करून घरोघर गात जातात आणि दारावर खडूनं नवं साल लिहून घराला आशीर्वाद देतात. पुढच्या खेपेला तुमच्या मुलीला त्या चमूत घेतील का, हे आत्ताच विचारून ठेवा. एकदा ती मुकुट घालून गावभर फिरली की रस्त्यात हाक मारणारी माणसं तुमची तुम्हालाच मोजता येणार नाहीत.

उपासना कळत नाही, त्याला एक साधा उपाय आहे. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं जगभर सारखी असतात. वसईच्या चर्चमध्ये त्या दिवशी जे शुभवर्तमान वाचतात तेच तुमच्या गावातही वाचतात. शनिवारी रात्री ते मराठी बायबलमधून दोघांनी मोठ्यानं वाचा. यजमानांच्या चर्चमधला उतारा वेगळा असतो, तो कचेरीतून आधी विचारून घ्या. गोष्ट आधी डोक्यात असली की जर्मन वाक्यं हळूहळू जागच्या जागी बसतात. उपासना संपल्यावर लगेच घरी पळू नका. कॉफी असेल तर थांबा, नसेल तर दारात पाळकांशी हात मिळवून स्वतःचं नाव सांगा, आणि पुढच्या रविवारी परत सांगा.

रविवारी दुकानं बंद असतात म्हणून तुम्हाला घर खायला उठतं. पण आपल्याकडं रविवारी क्लास, बाजार, लग्नं यांत किती ओढाताण होते ते आठवा. इथं रविवारच्या विसाव्याला १९१९ च्या वायमार राज्यघटनेनंच संरक्षण दिलं, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्यानं, म्हणजे आजच्या राज्यघटनेनं, ते कलम तसंच पुढं चालवलं. शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा. रविवारी दुपारी कोंबडीचा रस्सा करा आणि कुणाला तरी जेवायला बोलवा. एक कुटुंब ठरलेलं असू द्या. जर्मन असो, मराठी असो की केरळचं, चालेल. केरळच्या परिचारिका १९६० च्या दशकापासून या देशात आल्या, त्यामुळं बऱ्याच शहरांत मलयाळी मंडळींचा जम बसलेला आहे. नव्या आलेल्या भारतीय घराला हात देण्याची त्यांना सवय आहे.

आता मुलगी. पाच वर्षांच्या पोरीला अर्धा तास डोळे मिटून बसवलं तर ती कुठल्याही भाषेत कंटाळेल. पाच मिनिटं पुरेत, आणि त्यात वाचन कमी, गाणं जास्त. नारायण वामन टिळकांची भजनं लहान मुलांच्या तोंडात पटकन बसतात, कारण चाल अभंगाची आहे. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून गायला गेलं की आवाज मागंपुढं होतो आणि विचका होतो. म्हणून नगरच्या आजोबांना पेटीवर एक-एक भजन गाऊन पाठवायला सांगा. रात्री ते लावा आणि त्याच्याबरोबर गा. मग मुलीला विचारा, आज कुणासाठी प्रार्थना करायची? ती किटातल्या, म्हणजे बालवाडीतल्या, मैत्रिणीचं नाव घेईल, पडलेल्या दाताबद्दल सांगेल, बहुतेक जर्मनमध्येच. अडवू नका आणि रागावू तर मुळीच नका. तुम्ही तेच मराठीत देवापुढं मांडा, आणि शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळ्यांनी मिळून म्हणा. रोज झालं की सहा महिन्यांत तिला ते पाठ होतं. या देशात १९२१ च्या कायद्यानं चौदाव्या वर्षी मूल आपला धर्म स्वतः ठरवतं. तोवर तिला प्रार्थना ही आईबाबांच्या कुशीतली गोष्ट वाटली पाहिजे. धाकानं केलेली प्रार्थना त्या वयानंतर टिकत नाही.

मंडळातल्या प्रश्नाचं मला खरंच वाईट वाटतं, आणि हा परिच्छेद इतर वाचकांनीही आपल्यासाठी लिहिलाय असं समजावं. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. मराठी ख्रिस्ती माणूस मराठीच्या घरात पाहुणा नाही. समोर डिसोझा किंवा सॅम्युएल नावाचं कुणी आलं तर त्यांना "तुम्ही कुठले?" एवढंच विचारा, जसं कुलकर्ण्यांना विचारता. आणि ताई, तुम्ही गणपतीच्या कार्यक्रमाला जरूर जा. लेझीम खेळा, पंगतीत वाढा. आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, हे नवराबायकोनं घरून निघण्याआधी ठरवा, म्हणजे तिथं एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. कुणी आग्रह केला तर हसून "आम्ही जेवायला आहोतच" म्हणा. नाताळात त्याच लोकांना घरी बोलवा. नगरच्या करंज्या-चकल्या आणि वसईचे तळलेले फुगे एका ताटात आले की ओळखीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

राहिला बाप्तिस्मा. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना एवढं कळवा: जर्मनीतल्या ११ चर्चसंस्थांनी २००७ साली माग्डेबुर्गमध्ये एकमेकांच्या बाप्तिस्म्याला लेखी मान्यता दिली, त्यात कॅथलिक आणि इव्हँजेलिकल, म्हणजे इथली प्रोटेस्टंट, दोन्ही आहेत. म्हणजे कुठंही झाला तरी तो पुन्हा करावा लागत नाही. माझं मत विचाराल तर दर रविवारी सकाळी बाळाला चर्चला घेऊन जाण्याइतकी ज्याची श्रद्धा आणि तयारी जास्त, त्याच्या चर्चमध्ये करा. कॅथलिक चर्चमध्ये केलात तर धर्ममातापित्यांपैकी एक तरी कॅथलिक लागेल, आणि नगरचे काका साक्षीदार म्हणून उभे राहू शकतील. तुमचे दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि लग्नाचा दाखला गावाहून मागवून घ्या, फोटो चालत नाही असं अनेकदा सांगतात. आजी-आजोबांचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा जोडावा लागतो आणि राहता येतं जास्तीत जास्त ९० दिवस. तेव्हा तारीख फादरांकडून आधी लेखी घ्या आणि मग अर्ज भरा. ईस्टरनंतरचे आठवडे बरे, थंडी ओसरलेली असते आणि आजोबांना चालत चर्चला जाता येईल.