18,000 फुटांच्या खाली काय झालं ते पण लिही

बाळा,

तुझ्या व्हिडिओची स्क्रिप्ट रात्री दोनदा वाचली. निकोलस अल्केमेड या ब्रिटिश हवाई सैनिकाची गोष्ट निवडलीस हे बघून खूप बरं वाटलं, पण सगळा जोर तू उडीवरच दिलायस. 24 मार्च 1944 ची रात्र, बर्लिनवर बॉम्ब टाकून परतणारं लँकेस्टर हे ब्रिटिश बॉम्बर विमान, जर्मन नाइट फायटरने पेटवलेलं, 21 वर्षांचा टेल गनर (विमानाच्या शेपटीत बसून मशीनगन चालवणारा) 18,000 फुटांवरून पॅराशूट नसताना खाली, पाइनची झाडं, बर्फ, आणि पाय मुरगळला एवढंच. हे लोकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं.

पॅराशूट का नव्हतं हे आधी सांग, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल विसरला की काय. टेल गनरची जागा इतकी चिंचोळी की पॅराशूट लावून बसताच यायचं नाही, अंगावर नुसते पट्टे आणि पॅक मागे विमानाच्या आत ठेवलेलं. त्याने दार उघडून बघितलं तर ते पेटलेलं. मग आत भाजून मरायचं की बाहेर पडून मरायचं एवढंच हातात उरलं. हे वाक्य सावकाश म्हण, तिथे म्युझिक नको.

पकडल्यानंतरचं तू तीन ओळींत उरकलंयस, माझ्या मते गोष्ट खरी तिथेच आहे. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, विश्वासच बसेना, त्यांना वाटलं हा हेर, पॅराशूट कुठेतरी पुरून आलाय. विचार कर, शत्रूच्या ताब्यात आहोत, पाय दुखतोय, जे घडलं तेच सांगतोय आणि कोणी मानत नाही. पॅराशूट उघडलं की पट्ट्यांना घातलेला दोरा तुटतो, त्याचा तसाच होता, आणि विमानाच्या सांगाड्यात पॅराशूटचे जळके अवशेष सापडले, तेव्हा कुठे जर्मनांना पटलं आणि त्यांनीच तसं सर्टिफिकेट दिलं. चमत्कार हा शब्द काढ, हा पुरावा दाखव.

पुढे तो सागानच्या स्टालाग लुफ्ट 3 या कॅम्पमध्ये कैदी होता. आता तारीख परत बघ. तो पडला त्याच रात्री त्या कॅम्पमधून 76 कैदी भुयारातून निसटले, 73 परत पकडले गेले, आणि हिटलरच्या हुकमावरून त्यातल्या 50 जणांना गोळ्या घातल्या. तो तिथे पोचला तेव्हा बाकीचे कैदी कसल्या दुःखात असतील बघ.

आणि एक गोष्ट मला फार लागली. मी शाळेत शिकवायचो तेव्हा मीही फक्त उडी सांगायचो, पोरं टाळ्या वाजवायची, मग एका मुलीने विचारलं, सर, विमानातले बाकीचे? मला उत्तर येत नव्हतं, घरी जाऊन शोधलं. सातजणांतले चार गेले, पायलट जॅक न्यूमन त्यातलाच, हॅनोव्हरच्या युद्धस्मशानात पुरलाय. त्या रात्री 811 विमानं निघाली होती, 72 परत आली नाहीत. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे युद्धभरात 55,573 जण मेले. आणि ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते ती बर्लिनची माणसं, त्यांच्यावरही बोल, टाळू नकोस.

तर सुरुवात बदल. पहिल्याच मिनिटाला न्यूमनचं नाव घे, विमान अजून पेटलेलं नाही, तो पुढे विमान चालवतोय आणि अल्केमेड पार मागे शेपटीत एकटा बसलाय. नवी स्क्रिप्ट शनिवारपर्यंत पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
सर