फिलिपिनो मुलीशी हाँगकाँगमध्ये लग्न करायचं आहे, कागदपत्रं कोणती लागतील?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे नाशिकचे, नोकरी हाँगकाँगला, मैत्रीण फिलिपिनो आणि तीही तिथेच नोकरीला. दोघांचं पहिलंच लग्न. तिथेच रजिस्टर करायचं तर काय लागतं, आणि ते भारतात व फिलिपिन्समध्ये धरलं जातं का?

मी डोंबिवलीचा, बायको फिलिपिन्समधल्या इलोइलोची. २०१९च्या शेवटी आम्ही हेच सगळं केलं. वकील नाही, फक्त रांगेत उभा राहिलेला माणूस आहे, त्या हिशोबाने वाचा.

आधी सुटकेचा निःश्वास टाका, कारण हाँगकाँगमध्ये लग्न लागणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. मॅरेज रजिस्ट्रीत जाऊन लग्नाची नोटीस द्यायची. ती किमान १५ दिवस लावून ठेवतात आणि तीन महिने चालते, म्हणजे त्या मुदतीत लग्न लावायचं. नोटिशीचे ३०५ डॉलर आणि कचेरीच्या वेळेत लग्न लावायचे ७१५ डॉलर, हा आमच्या वेळचा हाँगकाँग डॉलरमधला दर. पासपोर्ट, हाँगकाँगचं ओळखपत्र आणि लग्नाच्या दिवशी अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार. अविवाहित असल्याचं तुम्ही रजिस्ट्रारसमोर प्रतिज्ञेवर सांगता, त्याचा वेगळा दाखला आमच्याकडे कोणी मागितला नाही. आम्ही कॉटन ट्री ड्राइव्हची रजिस्ट्री घेतली, हाँगकाँग पार्कमधली. बाहेर झाडं आहेत, फोटो बरे येतात. विधी पंधरा मिनिटांत आटोपला. माझी आई व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, "झालं? मी अजून चष्मा शोधतेय."

खरं काम त्यानंतर असतं. लग्न एकदाच लागतं, पण ते तीन देशांच्या दप्तरांत जायला हवं, आणि बहुतेक जण पहिल्या दप्तरावरच थांबतात.

पण त्याआधी सेनोमारबद्दल, कारण फिलिपिनो माणसाशी लग्न म्हटलं की हा शब्द कानावर येणारच. तिकडच्या सांख्यिकी खात्याने, म्हणजे पीएसएने, दिलेला हा दाखला: या व्यक्तीच्या लग्नाची नोंद आमच्याकडे सापडत नाही. रजिस्ट्री मागत नसली तरी काढून ठेवा. ऑनलाइन अर्ज करता येतो आणि कागद तिच्या घरी येतो. आमचा मेव्हणीने इलोइलोहून पाठवला. अर्जात आईवडिलांची पूर्ण नावं विचारतात, ती अचूक द्या, कारण तिकडे नावाला नाव जुळणं फार सोपं आहे. १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने फर्मान काढून लोकांना एका छापील यादीतून आडनावं वाटली. ती आडनावं आणि पुन्हा पुन्हा येणारी संतांची नावं. आमच्या हिच्या नावाच्या दोन मुली एकट्या तिच्या शाळेतच होत्या.

आता जरा अवघड बोलतो. "दोघांचं पहिलंच लग्न" असं तुम्ही लिहिलंय, ते तुम्ही तिला सरळ विचारलंय ना? फिलिपिन्समध्ये मुस्लिम सोडले तर इतरांना घटस्फोटाचा कायदाच नाही. नवऱ्यापासून पंधरा वर्षं वेगळी राहणारी बाईही कायद्याने विवाहितच. कोर्टाने ते लग्न रद्द किंवा मुळातच अवैध ठरवलेलं असलं तरच ती मोकळी. आधीचा नवरा परदेशी असेल आणि घटस्फोट परदेशात झाला असेल, तर तिथल्या कौटुंबिक संहितेच्या २६व्या कलमात वाट आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या मनालो निकालानंतर तो घटस्फोट बायकोने मागितलेला असला तरी चालतो, पण फिलिपिन्सच्या कोर्टाकडून तो मान्य करून घ्यावा लागतो. हे न करता दुसरं लग्न केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या लग्नाची नोंद असेल तर सेनोमारच्या जागी 'ॲडव्हायजरी ऑन मॅरेजेस' नावाचा कागद हाती येतो. शंका नसली तरी तो दाखला काढा म्हणतो ते एवढ्यासाठीच. आणि तुमचाही तिला दाखवा, उगाच एकतर्फी चौकशी नको.

लग्न झालं की दुसरं दप्तर फिलिपिन्सचं. त्यांच्या कॉन्सुलेटमध्ये 'रिपोर्ट ऑफ मॅरेज' भरायचा. हा वर्षाच्या आत भरा, नाहीतर उशिराचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. तिथून तो मनिलाला जातो आणि काही महिन्यांनी पीएसएच्या सुरक्षा कागदावर लग्नाचा दाखला मिळतो. तो नसला म्हणून लग्न अवैध होत नाही, जिथे लागलं तिथल्या कायद्याने वैध तर ते तिकडेही वैध. पण पीएसएच्या दप्तरी ती कुमारिकाच राहते, आणि पुढे पासपोर्टवर नाव बदलायचं म्हटलं की घोडं तिथेच अडतं.

या फॉर्मने माझी चांगलीच जिरवली. त्यात नवऱ्याचं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने. मी आपलं शाळेपासूनच्या सवयीने मधल्या रकान्यात बाबांचं नाव ठोकलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी वाचून अत्यंत नम्रपणे विचारलं, "हे तुमच्या आईचं माहेरचं आडनाव का?" कारण फिलिपिनो पद्धतीत मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव लावलं तर तिचं स्वतःचं आडनाव मधे सरकतं. म्हणजे त्यांच्या हिशोबाने माझ्या आईचं माहेरचं आडनाव 'अनंत' झालं असतं! माझ्या पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव दोन्ही 'गिव्हन नेम'मध्ये आहेत. तसंच दोन्ही पहिल्या रकान्यात लिहा आणि मधला कोरा ठेवा, असं ठरलं. चार प्रती होत्या, चारही पुन्हा लिहिल्या.

पुढचाच रकाना आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव. इथे मराठी माणसाची दुसरी परीक्षा. माझ्या आईचं माहेरचं नाव कुसुम, सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं गेलं ते वसुधा. माझ्या पासपोर्टवर वसुधा, तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुसुम. मी पासपोर्टप्रमाणे वसुधा लिहून पुढे माहेरचं आडनाव लावलं. अशा नावाची बाई कधी अस्तित्वातच नव्हती, पण कागद कागदाशी जुळला. तुमच्याकडे असं काही असेल तर एकच नियम ठेवा: पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, स्पेलिंगसकट.

यावरून आठवलं. डोंबिवलीत नंतर घरच्यांसाठी विधी केला तेव्हा आत्याने हिचंही नाव बदलायचा घाट घातला. तांदळात 'इरावती' लिहिलं, ही खूष झाली, फोटो निघाले. कागदावर मात्र हिने स्वतःचं एक अक्षर बदललेलं नाही. फिलिपिन्सच्या कायद्यात नवऱ्याचं आडनाव लावण्याची सक्ती नाही, लावता येतं एवढंच. माझा सल्ला: बदलू नका, निस्तरायला फार कागद लागतात.

तिसरं दप्तर आपलं. परदेशी विवाह कायदा, १९६९. त्याच्या १७व्या कलमाखाली, तिथल्या स्थानिक कायद्याने लागलेलं लग्न भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंदवता येतं, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला की पुरे. कॉन्सुलेटमध्येच लग्न लावण्याची सोयही याच कायद्यात आहे, पण त्यात ३० दिवसांची नोटीस वगैरे, आम्ही त्या वाटेला गेलो नाही. तिच्या कॉन्सुलेटमध्ये लग्न लावता येईल का, असं तुमच्या मनात असेल तर नाही. तिथला कॉन्सुल फक्त दोघंही फिलिपिनो असतील तरच लग्न लावू शकतो.

"गावी वैदिक पद्धतीने लावून तेच रजिस्टर करू" असं घरून सुचवलं जाईल. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात. ती कॅथलिक असेल तर भारतात रजिस्टर लग्नाची वाट म्हणजे १९५४चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम, मग ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. एवढी रजा असेल तर जरूर करा.

हाँगकाँगच्या दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्या. ते हायकोर्टात होतं. भारत २००५पासून आणि फिलिपिन्स मे २०१९पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे एकच शिक्का दोन्हीकडे चालतो. त्याआधी फिलिपिन्सच्या कागदांना खरोखरची लाल फीत लावून मिळायची, हिच्या जुन्या पदवीला अजून आहे.

तिला भारतात आणायचं तर आधी एंट्री व्हिसा. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज नोंदवलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकल्यावर करता येतो, म्हणून नोंदणी लांबवू नका.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. ती परदेशी माणसाची बायको म्हणून फिलिपिन्समधून बाहेर पडताना सीएफओ या सरकारी आयोगाचा समुपदेशनाचा दाखला लागतो. कुठे भेटलात, किती वर्षं ओळखता, तो काय करतो, असे प्रश्न तिला विचारतात. राग मानू नका. पैसे घेऊन परदेशी नवऱ्यांना बायका पुरवण्याच्या धंद्यावर तिकडे १९९०मध्ये कायद्याने बंदी आली, त्या काळजीतून हे आलेलं आहे. हिला विचारलं होतं, सासरची भाषा येते का? हिने "जेवलीस का?" म्हणून दाखवलं.

शेवटी रजेचं गणित. आमच्या वेळी दोन्ही कॉन्सुलेट ॲडमिरल्टीत, युनायटेड सेंटर या एकाच इमारतीत होती. हायकोर्ट तिथून चालत आणि लग्नाची रजिस्ट्री वर बागेत, म्हणजे अख्खं प्रकरण एका मेट्रो स्टेशनभोवती. फक्त वार जुळत नाहीत. आपलं कॉन्सुलेट सोमवार ते शुक्रवार. त्यांचं रविवार ते गुरुवार, कारण घरकामाला असलेल्या हजारो फिलिपिनो बायकांना सुट्टी रविवारीच असते. त्यांच्या हक्काच्या दिवशी आपण रांगेत घुसू नये. मंगळवार-बुधवारची रजा टाका आणि निघण्याआधी दोन्हीकडच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी बघा. आम्ही एकदा दसऱ्याच्या दिवशी जाऊन परत आलो.